उन्हाळ्यात कॅम्परव्हॅन कुठे न्यायची? पाटणच्या डोंगरात मुक्काम ठरवण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

मे महिन्याची सुट्टी. भाड्यानं घेतलेली कॅम्परव्हॅन. घरातली चार माणसं आणि मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलेली सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याची रील. पुण्याहून निघून चार-पाच तासांत तुम्ही पठारावर पोहोचता. समोर पिवळं पडलेलं गवत, तापलेला कातळ आणि कोरडा कडा. धबधबा कुठाय?

धबधबा तिथंच आहे, पण जुलैमध्ये. पावसाचं पाणी कड्यावरून खाली पडायला लागतं आणि दरीतून वर चढणारा जोराचा वारा ते पुन्हा वर उडवतो, म्हणून तो 'उलटा'. पाऊस नाही तर पाणी नाही आणि पाणी नाही तर रीलही नाही.

उन्हाळी सहलीची जागा चुकते ती बहुतेक वेळा अशीच. हॉटेलात राहणार असाल तर एखादा दिवस वाया जातो, एवढंच. पण कॅम्परव्हॅनमध्ये तुमचं घर तुमच्यासोबत असतं. त्या घराला पाणी लागतं, सावली लागते, सपाट जागा लागते आणि रात्री तिथं थांबण्याची परवानगी लागते. म्हणून जागा कशी निवडायची, हे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- उन्हाळ्यात जागा नजाऱ्यावरून निवडू नका. पाणी, उंची, रस्ता आणि परवानगी यांवरून निवडा.
- पाटणला जायचं तर फेब्रुवारी अखेर ते मेचा मध्य हा काळ बरा. जूनपासून घाटातले मुक्काम बंद समजा.
- मुक्काम खोऱ्यात किंवा ओळखीच्या शेतात करा, पठारावर सकाळ-संध्याकाळ फिरा.
- पाण्याची टाकी शहरात किंवा बाजारपेठेच्या गावात भरा. डोंगरावरच्या वाडीत पाणी मागू नका.
- कोयना अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परस्पर मुक्काम करणं हा गुन्हा आहे.

आधी हे सांगा, आरव्ही म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत जिला 'आरव्ही' म्हणतात, तिला आपल्याकडे कॅम्परव्हॅन, मोटरहोम किंवा कॅराव्हॅन अशी नावं आहेत. गाडीतच झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि बऱ्याचदा शौचालय असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या वाहनांवर बांधलेल्या असतात. गाडीमागे ओढून नेण्याची कॅराव्हॅन हा दुसरा प्रकार, पण तो आपल्या घाटरस्त्यांवर कमीच दिसतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क असे दोन भाग आहेत. पार्क म्हणजे जिथं गाडी लावून वीज, पाणी आणि शौचालय मिळेल अशी जागा. परदेशात अशा जागांचं जाळं आहे, त्यामुळे तिथला माणूस नकाशा उघडतो आणि जागा बुक करतो. आपल्याकडे असं जाळं अजून उभं राहिलेलं नाही.

याचा अर्थ सोपा आहे. इथं गाडीला दोन-तीन दिवस स्वतःच्या जिवावर राहता आलं पाहिजे, नाहीतर तुमची गरज कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहते.

उदाहरणासाठी पाटणच का?

कारण इथं चांगलं-वाईट सगळं एकाच तालुक्यात बघायला मिळतं.

कराडहून चिपळूणकडे निघालात की कोयनेच्या काठाकाठानं साधारण ३५ किलोमीटरवर पाटण लागतं. केरा नदी इथंच कोयनेला मिळते. पुढे हेळवाक, तिथून आत कोयनानगर आणि सरळ गेलात तर कुंभार्ली घाट उतरून कोकण. उत्तरेला आणि दक्षिणेला हजार मीटरपेक्षा उंच पठारं. पश्चिमेला कोयना धरण आणि शिवसागर जलाशय, त्याला लागून कोयना अभयारण्य. दक्षिणेला ढेबेवाडीचं खोरं आणि त्यापलीकडे सांगली जिल्ह्यातला शिराळा तालुका.

म्हणजे नदी आहे, धरण आहे, जंगल आहे, पठार आहे, घाट आहे आणि बाजारपेठही आहे. सगळं सुंदर, पण मे महिन्यात यातल्या प्रत्येक ठिकाणी गाडी लावून राहता येत नाही. का, ते सहा प्रश्नांतून बघू.

प्रश्न १: मी बघितलेला फोटो कुठल्या महिन्यातला आहे?

साताऱ्याच्या पश्चिम भागातले व्हायरल फोटो प्रामुख्यानं जून ते ऑक्टोबरमधले असतात. सडावाघापूरचा उलटा धबधबा, नवजाजवळचा ओझर्डे, साताऱ्याजवळचं ठोसेघर हे सगळे पावसाचे मानकरी. कास पठाराची फुलं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरची. मेमध्ये तिथं गेलात तर कोरडा कातळ दिसेल.

मग उन्हाळ्यात इथं बघण्यासारखं काय? खरं तर बरंच काही. पहाटेची गार हवा, स्वच्छ आकाश आणि चांदणं. करवंदं, जांभळं, फणस. पाटणजवळच्या दातेगडावरची कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर. चाफळचं समर्थ रामदासांनी उभारलेलं राम मंदिर. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांच्या रांगा. यातलं काही पावसावर अवलंबून नाही.

एक गोष्ट मात्र तारखेवर अवलंबून आहे. चैत्र-वैशाख हा गावोगावच्या यात्रांचा काळ. रामनवमीला चाफळ आणि चैत्रात बनपुरीजवळ नाईकबाची यात्रा भरते. यात्रा बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, पण सहा मीटरची गाडी घेऊन त्या दिवशी त्या अरुंद रस्त्यावर जाऊ नका. गावच्या यात्रेची तारीख गावात फोन करून विचारून घ्या.

प्रश्न २: रात्री एसीशिवाय झोप लागेल का?

गाडीत एसी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा हिशोब बघा. छतावरचा छोटा एसी साधारण एक किलोवॅट वीज खातो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-आवरची बॅटरी म्हणजे जेमतेम २.४ युनिट. ती पूर्ण रिकामी केली तरी एसी अडीच तासांच्या वर चालत नाही. रात्रभर इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवला तर धूर, आवाज आणि शेजाऱ्यांच्या शिव्या, तिन्ही मिळतात. त्याउलट २५ वॅटचा छोटा पंखा आठ तास चालून फक्त ०.२ युनिट घेतो.

म्हणून गारवा बॅटरीकडून मागण्याऐवजी उंचीकडून मागा. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलात की हवेचं तापमान सरासरी सहा ते साडेसहा अंशांनी उतरतं. पाटण गाव साधारण ६०० मीटरवर आहे आणि आजूबाजूची पठारं हजार-अकराशे मीटरवर. म्हणजे फरक अडीच-तीन अंशांचा. ऐकायला कमी वाटतो, पण सोबत वारा असल्यामुळे रात्री चादर घ्यावी लागते.

पण पठारावर झाड नाही. दुपारी बारा ते चार गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. त्यामुळे दुपार खोऱ्यातल्या आंब्याच्या सावलीत आणि संध्याकाळ पठारावर, हा क्रम ठेवा. बंद गाडीत मुलं, म्हातारी माणसं किंवा कुत्रा-मांजर पाच मिनिटांसाठीही ठेवू नका.

प्रश्न ३: पाणी कुणाचं वापरणार आहोत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी हे एक. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, एवढं धरण शेजारी असताना पाण्याची काय कमी? पण 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण अशाच गावांनी दिली आहे.

कारण भूगोलात आहे. धरण काठोकाठ भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६६० मीटर असते. वाड्या आहेत त्याच्या कितीतरी वर. पठारांवर जांभ्या दगडाचा थर असतो, ज्याला इथले लोक 'सडा' म्हणतात. सडावाघापूरच्या नावातला 'सडा' तोच. पावसाळ्यात या सड्यावर धो धो पाऊस पडतो आणि कड्यावरून वाहून जातो. जे थोडं मुरतं, त्यावर डोंगरकुशीतले झरे चालतात. एप्रिल उजाडला की झरे बारीक होतात, वाडीवरची विहीर तळ गाठते आणि हंडे रांगेत लागतात.

आता तुमच्या गाडीचा हिशोब करू. काटकसर केली तरी एका माणसाला पिणं, स्वयंपाक, भांडी, हात-पाय धुणं आणि थोडक्यात अंघोळ धरून दिवसाला २० लिटर लागतात. चार माणसांचे ८० लिटर. म्हणजे १०० लिटरची टाकी सव्वा दिवस पुरते. एका हंड्यात साधारण १५ लिटर पाणी बसतं. तुमची १०० लिटरची टाकी म्हणजे कुणीतरी झऱ्यावरून डोक्यावर आणलेले सहा-सात हंडे.

डोंगरातली माणसं पाहुण्याला पाण्याला नाही म्हणत नाहीत. तांब्याभर पाणी मागितलं तर गुळाचा खडाही सोबत येतो. तुम्ही पाइप घेऊन टाकी भरायला गेलात तरी संकोचानं कुणी नकार देणार नाही. म्हणून ते मागायचंच नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

व्यवहारात काय करायचं?

- कराड, उंब्रज, मल्हारपेठ किंवा पाटणमध्ये हॉटेल, पेट्रोल पंप किंवा सर्व्हिसिंग सेंटरवर विचारून, पैसे देऊन टाकी भरा.
- पिण्यासाठी २० लिटरचे दोन जार वेगळे ठेवा.
- भांडी आधी कागदानं पुसा, मग थोड्या पाण्यात धुवा.
- पठारावर एकच रात्र राहा. दुसऱ्या दिवशी खाली उतरून टाकी भरा.
- साबणाचं पाणी ओढ्यात, झऱ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. उन्हाळ्यात ओढ्यातलं साठलेलं डबकं हेच गुरांचं आणि वन्यप्राण्यांचं पाणी असतं.
- शौचालयाची टाकी उघड्यावर रिकामी करायची नाही. मुक्कामाच्या जागेवर सेप्टिक टँक असेल तर मालकाला आधी विचारा आणि टाकीत कडक रसायनं वापरू नका.

प्रश्न ४: रस्ता गाडीला पेलेल का?

रीलमध्ये दिसतो तो ड्रोनमधून रस्ता. तुम्हाला जायचंय जमिनीवरून, तेही अडीच ते तीन मीटर उंचीच्या गाडीतून.

कराड–पाटण–हेळवाक हा मुख्य मार्ग मोठ्या गाड्यांचाच आहे, तिथं अडचण नाही. कुंभार्ली घाटात मालवाहू ट्रक असतात, त्यामुळे तो उजेडात पार करा. पठारांवर चढणारे रस्ते मात्र अरुंद, तीव्र वळणांचे आणि काही जागी खडी निघालेले. तारळ्याहून सडावाघापूरकडे किंवा पाटणहून पवनचक्क्यांच्या पठाराकडे जाताना समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे जावं लागतं. नियमानुसार चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

चार गोष्टी पाळा:

- आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा: "एसटी वरपर्यंत येते का?" जिथं एसटी जाते, तिथं तुमची गाडी साधारणपणे जाते. एसटी जिथं थांबते, तिथं तुम्हीही थांबा.
- ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. पाण्यानं भरलेली टाकी आणि सामान यांमुळे गाडी नेहमीपेक्षा जड असते, हे लक्षात ठेवा.
- वाडीत शिरताना वर बघा. लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या छतावरच्या एसीला आणि सोलर पॅनेलला आधी लागतात.
- टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा.

डिझेल पाटणमध्येच भरून घ्या. पठारांवर मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

प्रश्न ५: ही जागा कुणाची आहे?

मोकळी दिसणारी प्रत्येक जागा कुणाची तरी असते. शेतकऱ्याची, गावाची गायरान, देवस्थानची, जलसंपदा विभागाची किंवा वन विभागाची.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश केला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि तिथं आग लावणं हा गुन्हा आहे. 'आम्ही गाडीतच झोपलो होतो, तंबू लावला नव्हता' हे उत्तर चालत नाही.

वणवा हा इथला उन्हाळ्यातला मोठा शत्रू. फेब्रुवारी ते मे गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वाऱ्यावर एक ठिणगी डोंगर पेटवते. त्यामुळे पठारावर शेकोटी आणि बार्बेक्यू नकोच. स्वयंपाक गाडीतल्या गॅसवर, दार-खिडकी उघडी ठेवून. कोळशाची शेगडी बंद गाडीत कधीही आणू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

धरण परिसरही संरक्षित आहे. कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण छान दिसतं, तिथून बघा. भिंतीच्या आसपास गाडी लावणं किंवा ड्रोन उडवणं अंगाशी येईल.

मग परवानगी कुणाकडे मागायची? खासगी शेतात मालकाकडे. गावाच्या जागेत सरपंच किंवा ग्रामपंचायतीकडे, सोबत पोलीस पाटलांच्या कानावर घाला. देवळाच्या आवारात देवस्थानच्या मंडळींकडे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि पर्यटन संचालनालय अशा केंद्रांची नोंदणी करतं. तिथं गाडी लावायला अंगण, शौचालय आणि पिठलं-भाकरी एकाच जागी मिळते. फोन करताना 'खोली नको, गाडी लावायची जागा आणि शौचालय हवंय, त्याचे किती घ्याल?' असं सरळ विचारा.

प्रश्न ६: रात्री दोन वाजता काही झालं तर?

नदीकाठ हा सगळ्यांचा आवडता मुक्काम. उन्हाळ्यात कोयनेचं पात्र उथळ दिसतं आणि वाळूत गाडी उतरवायचा मोह होतो. पण धरणाच्या खालच्या बाजूला हा मोह जिवावर बेतू शकतो.

उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या सिंचन योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडलं जातं. धरणाच्या पायथा वीजगृहातला एक संच सुरू झाला की सुमारे १०५० क्युसेक पाणी नदीत येतं. लिटरमध्ये सांगायचं तर सेकंदाला जवळपास ३० हजार लिटर. आभाळ निरभ्र असताना, पावसाचा थेंब नसताना पात्र भरू शकतं. म्हणून पात्रात, वाळूवर किंवा छोट्या बेटावर गाडी लावू नका. काठावर लावायची तर गावकरी सांगतील त्या उंचीवर.

दुसरी भीती वळवाची. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात वारा, विजा, गारा. उघड्या पठारावर तुमची गाडी हीच सगळ्यात उंच वस्तू असते. ढग जमायला लागले की खाली उतरा. अडकलातच तर छत्री-खुर्च्या आत घ्या, छताची खिडकी बंद करा, पत्र्याला हात न लावता आत बसा. एकट्या झाडाखाली मात्र जाऊ नका. वीजही तिथंच पडते आणि फांदीही.

तिसरी गोष्ट जनावरांची. गवा, बिबट्या, अस्वल आणि रानडुक्कर या भागात आहेत. उष्टं अन्न बाहेर टाकलं की आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. कचरा पिशवीत बांधून परत न्या. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट हवेतच, कारण उन्हाळ्यात सापही गारव्याला बाहेर पडतात. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. पाटणला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी रुग्णालयं कराडला. रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

तर मग पाटणमध्ये गाडी लावायची कुठे?

पाटण–मल्हारपेठ खोरं. पाणी, डिझेल, दवाखाना, भाजीबाजार सगळं जवळ. उसाच्या आणि आंब्याच्या सावलीत दुपार निघते. रात्री थोडं उकडतं. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील किंवा पहिल्यांदाच कॅम्परव्हॅन घेतली असेल तर मुक्काम इथंच करा.

कोयनानगर परिसर. झाडी जास्त, हवा बरी. दिवसभराच्या सहलीसाठी उत्तम. मुक्काम फक्त परवानगी असलेल्या निवासाच्या आवारात. मेमध्ये जलाशयाचं पाणी खाली गेलेलं असतं आणि काठावर रुंद चिखलपट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, आत चाक रुततं. काठापर्यंत गाडी नेऊ नका.

सडावाघापूर आणि पवनचक्क्यांची पठारं. सूर्यास्त आणि चांदण्यासाठी यासारखी जागा नाही. सावली नाही, पाणी नाही, वारा भरपूर. गावात विचारून, टाकी भरून, एका रात्रीपुरतं. पवनचक्कीच्या अगदी खाली गाडी लावू नका, तिथले रस्ते देखभालीच्या वाहनांसाठी असतात.

ढेबेवाडी खोरं आणि शिराळ्याची बाजू. गर्दी कमी, शेतातले मुक्काम मिळण्याची शक्यता चांगली. पलीकडे गुढे-पाचगणीचं पठार. नाव पाचगणी असलं तरी ही थंड हवेची प्रसिद्ध पाचगणी नव्हे, ती महाबळेश्वरजवळ. नकाशात ठिकाण टाकताना चूक करू नका. चांदोलीच्या हद्दीत पुन्हा व्याघ्र प्रकल्पाचे नियम लागतात.

पाटण नको असेल तर?

हेच सहा प्रश्न कुठेही लावता येतात. महाबळेश्वर-पाचगणी १३०० मीटरच्या वर आहे, गारवा नक्की, पण मेमधल्या शनिवार-रविवारी मोठ्या गाडीला पार्किंग शोधणं हाच कार्यक्रम होतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे वाहनं जात नाहीत, त्यामुळे गाडीतच राहायचं असेल तर ते यादीतून काढा. कोकण किनारा बघायला देखणा, पण दमट हवेत रात्री बॅटरीच्या पंख्यावर झोप लागत नाही. पुळणीत गाडी घातली तर वाळूत रुतते, आणि भरतीची वेळ कुणासाठी थांबत नाही. विदर्भातल्यांना चिखलदरा जवळचं आणि उंचही, मात्र मेळघाटच्या जंगलातले निर्बंध आधी वाचून घ्या.

तीन रात्रींचा साधा बेत

पहिल्या दिवशी पहाटे पुण्याहून निघा, दुपारच्या आत कराड. तिथं टाकी आणि जार भरा. पाटण-मल्हारपेठ परिसरात शेतावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दातेगड, दुपार सावलीत, चार वाजता आभाळ बघून पठारावर चढा. आभाळ भरलेलं असेल तर बेत बदला, पठार कुठे जात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच खाली उतरा, पाटणला पाणी भरा आणि कोयनानगरची सहल करून परवानगीच्या निवासात राहा. चौथ्या दिवशी चाफळवरून उंब्रजमार्गे महामार्गाला लागा.

भाज्या, अंडी, दूध, भाकरी गावातून विकत घ्या. तुम्ही वाडीतून पाणी नेण्याऐवजी तिथं चार पैसे ठेवून आलात, तर पुढच्या गाडीलाही दार उघडं राहतं.

गाडी भाड्यानं घेताना काय बघायचं?

- आरसी बुकवर गाडीची नोंद काय आहे? साधी व्हॅन आतून बदलून कॅम्पर केली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्या बदलाला मान्यता लागते. नसेल तर अपघातानंतर विम्याची अडचण होते.
- पाण्याची टाकी किती लिटर, सांडपाण्याची टाकी आहे का, शौचालयाची टाकी कशी रिकामी करायची?
- गॅस गळती तपासली आहे का, अग्निशामक सिलिंडरची तारीख काय?
- स्टेपनी, जॅक आणि तो वापरता येणारा माणूस, तिन्ही सोबत आहेत का?

आणि जूनमध्ये गेलो तर?

पावसात हा भाग सुंदर दिसतो, हे खरंच. पण जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं दरडी कोसळल्या आणि झोपेतल्या माणसांचा जीव गेला. पिढ्यानपिढ्या तिथं राहणाऱ्यांना जो डोंगर कळला नाही, तो एका रात्रीसाठी आलेल्या गाडीला कळणार नाही. पावसाळ्यात यायचं तर दिवसा या आणि रात्री पक्क्या इमारतीत, सपाटीवर राहा.

तारखेवरही विसंबू नका. मॉन्सून केरळात साधारण १ जूनला येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला होता. म्हणून मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघणार असाल तर हवामान विभागाचा अंदाज रोज सकाळी बघा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या गावात एक फोन करा. दोनच गोष्टी विचारा: पाणी कसं आहे आणि एसटी येते का? उत्तर ऐकून गाडी कुठपर्यंत न्यायची ते ठरवा.